नसरीनचा बोर्ड

नसरीन गेल्याचं कळलं तेव्हा मी धाराशिवला कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. सलीमचा, तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळपर्यंत ती चांगली हिंडतीफिरती होती. डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, आणि सोलापूरला नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजाडायच्या आत सगळं संपलं. मुलांना तसंच सोडून मी बसस्टँड गाठलं. येडशी, येरमाळा करत एसटी तिच्या गावी, तेरखेड्याला, पोचली तेव्हा मय्यत उचलायची तयारी चालली होती. पुरुष कबरस्तानाकडं निघाले, आम्ही बायका आतल्या खोलीत तिच्या अम्मींभोवती बसून राहिलो. आदल्या दिवसापासून गावात लाइट नव्हती. कुणी ओढणीनं, कुणी वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घालत होतं. अम्मी रडत नव्हत्या. नुसत्या दाराकडं बघत होत्या, आता कुणीतरी आत येणार आहे अशा…

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. येरमाळ्याच्या घाटात फोनला रेंज आली आणि तो मांडीवर थरथरला. मेल आला होता. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं नसरीनचं. तसे तिच्या मशीनचे मेल मला वर्षानुवर्षं यायचे. तिनं कधीतरी माझा पत्ता त्यात घालून ठेवला होता आणि काढायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. सगळे मेल एकसारखे, म्हणून मी ते उघडायचंही सोडून दिलं होतं. त्या दिवशी उघडला. तिच्या कॉम्प्युटरच्या बोर्डाचं नाव, कुठल्याशा बदलाची दोन-तीन ओळींत माहिती, चाचणी यशस्वी. आणि सगळ्यात खाली, खास माझ्यासाठी मराठीत टाकलेली तिची नेहमीची ओळ, 'उठलं एकदाचं, अक्का.' वेळ दुपारची होती. आम्ही आत बसलो होतो आणि तिकडं तिला माती देत होते, ती वेळ. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं ओ बाई, बरं वाटंना का?" मी म्हटलं, घाटात मला असंच होतं.

आमची ओळख धाराशिवला झाली. दोघीही तासिका तत्त्वावर शिकवायचो, ती कॉम्प्युटर, मी इलेक्ट्रॉनिक्स. बसस्टँडच्या मागं एका खोलीत मिळून राहायचो. मी कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरूमची, आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. फोनवर माझे भाऊ मला 'अक्का' म्हणायचे ते ऐकून तीही म्हणायला लागली आणि पुढं तिच्या सगळ्या घरादारात मी अक्काच झाले. ती माझ्यापेक्षा उंच, चालणं झपाझप, बोलणं त्याहून वेगानं. चहा मात्र बशीत ओतून, फुंकर घालत, अगदी सावकाश प्यायची. तिची एक खोड होती. कुठल्याही घरात गेली की वापरात नसलेल्या वस्तूंचे प्लग ती काढून ठेवायची. टीव्ही, मिक्सर, फोनचा चार्जर, काहीही. नुसतं बटण बंद केलेलं तिला चालायचं नाही. आमच्या घरमालकीणबाईंनी तिला एकदा चिडून विचारलं होतं, "बंद तर हाय की गं तो टीव्ही!" त्यावर ही शांतपणे म्हणाली होती, "न्हाय काकू, तो बंद न्हाय. गप बसलाय फक्त."

त्या वेळी मला ते हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटली होती. मग एका मे महिन्यात आमच्या कॉलेजला कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेले सर्व्हर आले. परीक्षा संपलेल्या, इमारत रिकामी, बाहेर ऊन असं की मैदानाकडं बघवत नव्हतं. नसरीननं मला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर एक सर्व्हर होता, बंद. पंखा फिरत नव्हता, पडदा नव्हता, फक्त मागं वायर जोडलेली आणि एक बारकासा हिरवा दिवा. "बंद आहे ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे. मग तिनं पलीकडच्या कॉम्प्युटरवरून काहीतरी टाइप केलं. त्या बंद सर्व्हरनं तिला उत्तर दिलं. माझं नाव हे, माझ्या पोटात इतकी उष्णता आहे, माझं झाकण शेवटचं उघडलं ते अमुक वेळी… एकेक ओळ पडद्यावर येत गेली. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई. आत एक वेगळी चिप असते, मोठं मशीन झोपलेलं असतानाही ती जागी राहते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी त्या भर दुपारी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नसरीन म्हणाली, "अक्का, आपण याला झोपवतो, आपण याला उठवतो असं आपल्याला वाटतं. पण आपल्या आधी आत कोणतरी उठलेलं असतं. ते कोण आहे, काय करतं, ते बघायची परवानगी नाही आपल्याला. कुलूप आहे त्याच्यावर." आणि मग, जरा थांबून, "मला ते बघायचंय."

त्या एका वाक्यामागं तिनं पुढचं सगळं आयुष्य घातलं. ती काय करायची हे लोकांना सांगताना माझी नेहमी तारांबळ व्हायची. शेवटी तिनंच मला तिच्या गावच्या भाषेत समजावलं. तेरखेडा फटाक्यांचं गाव, तिथल्या पोरासोराला वात म्हणजे काय ते कळतं. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पहिल्यांदा पेटते ती वात. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, तिच्यात लिहिलेला बारका प्रोग्राम. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो मेमरी जागी करतो, डिस्क शोधतो आणि मग मोठा माल पेटवून देतो. ही वात बनवणारे तिच्यात काय घातलंय ते कुणाला दाखवत नाहीत. जगभरात काही हट्टी माणसं आहेत, ती म्हणतात, वात आम्ही वळणार, सगळ्यांच्या समोर वळणार, ज्याला बघायचं त्यानं बघावं. सुरुवातीचा अगदी थोडासा भाग ठेवायचा आणि त्याच्या लगेच पुढं, त्याच चिपमध्ये, एक छोटं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, बसवायचं. लिनक्स उघडं आहे, सगळ्यांनी वाचलेलं आहे, हजारो हातांखालून गेलेलं आहे. बाकीचं सगळं ते जागं करतं. "म्हणजे आत जागं कोण आहे ते आपल्याला नावानिशी ठाऊक राहतं," ती म्हणायची. असली माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. कुणी युरोपात, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी तेरखेड्यात. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी आपापल्या बोर्डावर चालवून बघायचं.

हे काम करताना बोर्ड मरतात. एक अक्षर चुकलं की मशीन उठतच नाही. दिवा नाही, आवाज नाही. त्याला ते लोक वीट म्हणतात, कारण मग त्याचा उपयोग विटेएवढाच. नसरीनकडं आठ दातांचा एक चिमटा होता. तो ती मेलेल्या बोर्डाच्या चिपवर बसवायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जुना प्रोग्राम आत भरायची, चिमटा काढायची आणि बटण दाबायची. मी तिच्या मागं उभी राहून हे कितीदा पाहिलं असेल. थोडा वेळ काहीच नाही… मग पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पहिली ओळ. "उठलं एकदाचं!" असं म्हणून ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. मेलेलं उठवणं तिला इतकं सवयीचं झालं होतं की तिच्यासमोर बसलं की मलाही ते सोपं वाटायला लागायचं. सोलापूरच्या त्या दवाखान्याबद्दल सलीम सांगत होता तेव्हा माझ्या मनात, खरंच सांगते, तो चिमटा येऊन गेला.

पुढं कॉलेजनं तिच्या तासिका काढून घेतल्या आणि ती गावी परतली. मला वाटलं होतं, खचेल. उलट ती तिथंच रमली. घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती, पत्र्याची, उन्हात तापणारी. तिथं तिनं एक टेबल टाकलं. परदेशातली एक छोटी कंपनी तिला कामं द्यायची. पण तिचा खरा जीव होता एका जुन्या सर्व्हरच्या बोर्डावर. तिच्या त्या लोकांत तसला बोर्ड तिच्याशिवाय कुणाकडंच नव्हता. तो तिनं आंब्याच्या फळीवर स्क्रूनं बसवला होता, डब्याबिब्याशिवाय, उघडा. शेजारी एक तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण. जगात कुणीही नवा बदल पाठवला की तो छोटा कॉम्प्युटर आपोआप तो उचलायचा, चिपमध्ये भरायचा, रिलेनं बोर्ड चालू करायचा, लिनक्स उठतंय का ते बघायचा, नसरीनच्या नावानं सगळ्यांना निकाल कळवायचा आणि बोर्ड पुन्हा बंद करायचा. माणूस लागायचं नाही. तिकडच्या लोकांची सकाळ आपल्याकडं दुपार असते, त्यामुळं बहुतेक वेळा ऐन दुपारी, घर जेवून कलंडलेलं असताना, त्या खोलीतून 'टुक' असा आवाज यायचा आणि पंखा घरघरायला लागायचा. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "एवढे प्लग काढत हिंडतेस, मग हे कधी बंद करणार?" ती हसली. "हे कशाला बंद करायचं अक्का? मी गावाला गेले, लग्नाला गेले, तरी माझं काम इथं चालू असतं. मी नसल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही."

घरात तिच्या या कामाबद्दल दोन तऱ्हा होत्या. अम्मींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेक दिवसभर घरात आहे याचंच सुख होतं. अब्बा जन्मभर फटाक्यांच्या कारखान्यात. दारू कालवणं, बार उडवून बघणं हेच काम, त्यात कान गेलेले. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यांनी तिच्यासाठी स्थळं आणली, तिनं ती परतवली. मास्तरकी सुटली तेव्हा ते आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. तिच्या खोलीत ते पाऊल टाकत नसत. खिडकीपाशी बाज टाकून पडायचे, एवढंच. "अब्बांना वाटतं मी खेळणी जोडत बसलेय," असं ती सांगायची. सांगताना हसायची, पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी सलीमचा पुन्हा फोन आला. तो येरमाळ्याला नोकरीला असतो, घरी येऊन-जाऊन. आवाज खाली आणून बोलत होता. "अक्का, एक डाव येऊन जा. अम्मी जेवायला वाढून ठेवते आपासाठी. म्हणते, नसरीन खोलीत कामाला बसलीय." मी गेले. वैशाखाचं ऊन, हायवेवरच्या फटाक्यांच्या दुकानांची शटरं अर्धवट ओढलेली, गाव सामसूम. अम्मी मला बघून उठल्या, पाणी दिलं आणि एकदम म्हणाल्या, "थांब जरा. आता वाजंल." मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आम्ही दोघी त्या दारासमोर जमिनीवर बसलो. पत्र्याखाली हवा उकळत होती. कुठंतरी लांब शेतात कुणी बार उडवून बघत होतं, तेवढाच आवाज. आणि मग आत 'टुक' झालं. पाठोपाठ पंख्याची घरघर. कडी लावलेल्या, रिकाम्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवून कामाला लागावं, तसं. मला त्याचं सगळं कारण ठाऊक होतं, तरी कडी काढायला हात उचलेना. शेवटी काढली. आत कुणी नव्हतं. टेबल, फळीवरचा उघडा बोर्ड, खुर्चीच्या पाठीवर तिची निळी ओढणी. पंख्याच्या वाऱ्यानं ओढणीचं टोक हलत होतं.

मी अम्मींना समजावलं. लांबच्या देशातली माणसं काहीतरी लिहून पाठवतात, हे मशीन आपोआप ते तपासतं, नसरीननंच तशी व्यवस्था करून ठेवलीय. अम्मींनी नीट ऐकून घेतलं. "मशीन हाय ते कळतंय मला, बेटी," त्या म्हणाल्या. "इतकी खुळी न्हाय मी. पण त्या मानसांना तर ठाऊक न्हाय ना, ती गेली म्हणून? त्यांच्यासाठी अजून हाय ना ती?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या मंडळींचा पत्रव्यवहार सगळ्यांना वाचता येतो. मी तिथंच, तिच्या खुर्चीत बसून, फोनवर तो चाळला. नसरीनचे आभार मानलेले होते. नसरीन, तुझ्या चाचणीमुळं माझी चूक सापडली. नसरीन, तुझा बोर्ड उठला, छान. मारेक नावाचे कुणी गृहस्थ होते, त्यांच्याशी ती सर्वांत जास्त बोलायची. त्यांनी तिला दोन-तीन प्रश्न विचारले होते आणि उत्तर आलं नव्हतं. त्यावर त्यांनीच पुढं लिहिलं होतं, "तू कामात दिसतेस. हरकत नाही. तुझे निकाल वेळच्या वेळी येतात, म्हणजे तू बरी आहेस." हे वाचल्यावर मला राहवेना. माझ्या नावानं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं, की नसरीन आता नाही, तुम्हाला जे निकाल येतायत ते तिचं मशीन पाठवतंय. पाठवून दिलं आणि अम्मींचा हातात दिलेला चहा पिऊन निघाले. बरं काम केलं, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मेल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर मारेकनी मला लिहिलं, बातमी कळल्यावर त्या सगळ्यांनी आपसांत ठरवून काम थांबवलं होतं. कुणी काही पाठवायचं नाही, काही दिवस. ती त्यांची सुतक पाळायची रीत. पण त्या वेळी मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अम्मींचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत.

"आज वाजलं न्हाय," त्या म्हणाल्या. "काल बी न्हाय. तू काय केलंस?"

"काही नाही, अम्मी. मशीनला हात लावला नाही मी."

"तू सांगितलंस का त्यांना?"

मी हो म्हटलं. मग अम्मी म्हणाल्या, "कशाला सांगितलंस गं…" आणि त्यांचा बांध फुटला. मय्यत उठली तेव्हा न रडलेली बाई फोनवर हंबरडा फोडून रडत होती आणि मी कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून ते ऐकत उभी होते. लेक त्यांच्यासाठी त्या दुपारी गेली.

काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. पहिला बदल मारेकनी पाठवला, आणि निकाल आला, 'उठलं एकदाचं, अक्का.' अम्मींचा फोन आला नाही, पण सलीम म्हणाला, आज अम्मी नीट जेवली. मला हायसं वाटलं. मग तेरखेड्याकडं, वाशी तालुक्यात, मोठं वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले, पत्रे उडाले. तेरखेड्यात लाइट नाही म्हणून सलीमचे निरोप येत होते. लाइट आली आणि त्याच दुपारी नसरीनचा मेलही आला. मेल वाचून मी नेहमीसारखा बाजूला ठेवला आणि मग एकदम थबकले. हे व्हायला नको होतं. तिच्या खोलीतला इन्व्हर्टर काही तास टिकतो. तो उतरला की छोटा कॉम्प्युटर बंद पडतो, आणि लाइट आल्यावर तो आपणहून चालू होत नाही. नसरीननं मुद्दाम तसं ठेवलं होतं. वादळ-विजेनंतर आधी डोळ्यांनी बघायचं, काही जळलं नाही ना, आणि मगच हातानं बटण दाबायचं, असा तिचा दंडक. बटण कुणीतरी दाबल्याशिवाय मेल येणं शक्य नव्हतं.

सलीमला विचारलं, तो म्हणाला, मी येरमाळ्यात अडकलो होतो. अम्मी म्हणाल्या, "न्हाय बाबा, मी त्याला बोट लावत न्हाय. मला भ्या वाटतं." विचार करता करता मला तो पहिला मेल आठवला, घाटात आलेला. त्या दिवशीही लाइट नव्हती, आदल्या दिवसापासून. आम्ही वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो होतो. त्या दुपारी ते मशीन चालूच असायला नको होतं. मी मारेकना लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, बोर्डाचं घड्याळ चुकलं असेल, मेल वाटेत कुठंतरी अडकून उशिरा पोचला असेल, असं होतं कधीकधी. त्याच पत्रात त्यांनी आणखी एक लिहिलं होतं, फार संकोचून. हा बोर्ड आता जगात दुसऱ्या कुणाकडं चालू नाही. घरच्यांची हरकत नसेल तर तो आम्हाला पाठवाल का? आम्ही त्याला जपू.

सलीमलाही ते पटलं होतं. त्याच्या मुलीला अभ्यासाला खोली हवी होती, आणि अम्मींचं ते दारासमोर बसणंही त्याला बघवत नव्हतं. तेव्हा बोर्ड काढून आणायचा, नीट बांधून पाठवायचा, असं ठरवून मी गेल्या रविवारी तेरखेड्याला गेले. स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये घेतला होता. पोचले तेव्हा लाइट नुकतीच आली होती. सकाळपासून गेली होती म्हणे. अम्मी नमाजाला बसल्या होत्या. मी आवाज न करता मागच्या अंगाला गेले. खोलीची कडी काढलेली होती.

आत अब्बा होते. दाराकडं पाठ. अंगात बनियन, कमरेला लुंगी. ते आधी बोर्डावर वाकले आणि नाक जवळ नेऊन त्यांनी वास घेतला, काही जळलं नाही ना ते बघायला. मग डोळे बारीक करून प्रत्येक वायर पाहिली. मग छोट्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि एक पाऊल मागं सरून उभे राहिले. नसरीन अगदी असंच करायची. खिडकीबाहेरच्या बाजेवरून त्यांनी वर्षानुवर्षं हे पाहिलं असणार.

मी पुढं होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले नाहीत. मी मोठ्यानं, ओठ हलवून विचारलं, "अब्बा, वादळाच्या वेळी तुम्हीच चालू केलं?"

"व्हय," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा चढा, सपाट आवाज. "दर टायमाला म्याच. पोरगी काम अर्ध्यात सोडत नव्हती."

"आणि त्या दिवशी? माती दिली त्या दिवशी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. प्रश्न समजला की नाही ते मला कळेना. मग त्यांनी मान हलवली. "त्या दिशी मी तिच्यापाशी होतो. कबरस्तानात," ते म्हणाले. "त्या दिशी मी न्हाय."

मग कोण, हे मी विचारलं नाही. घड्याळ चुकलं असेल. असेलही… पत्रा तापल्याचा कडकड आवाज येत होता. मी पर्समधला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहू दिला, आणि मारेकचं म्हणणं त्यांना खुणांनी, शब्दांनी सांगितलं. तिकडची माणसं हा बोर्ड मागतायत, चांगली माणसं आहेत, सांभाळतील. अब्बांनी ऐकलं, म्हणजे माझे ओठ वाचले. "आन् हितं?" त्यांनी विचारलं. एवढंच. नंतर बसमधून मी मारेकना कळवलं, की बोर्ड पाठवता येणार नाही, तो चालवणारं माणूस घरात आहे. सलीमच्या मुलीचं टेबल आता त्याच खोलीत, पलीकडच्या भिंतीला लागणार आहे.

पण तिथून निघण्याआधी, आम्ही दोघं उभे असताना, रिले वाजला. टुक. तो मला ऐकू आला, अब्बांना नाही. त्यांना फक्त इतकं ठाऊक होतं की बटण दाबल्यावर थोड्या वेळानं काहीतरी व्हायला पाहिजे. त्यांनी हात पुढं केला आणि उघडा तळवा आंब्याच्या फळीवर, बोर्डाच्या कडेला ठेवला. दारूनं काळी पडलेली बोटं, एका बोटाला नख नाही. पंखा फिरायला लागला तशी फळी थरथरू लागली आणि त्यांचा हातही अगदी बारीक थरथरू लागला. त्यांनी डोळे मिटले. मी तिच्या खुर्चीमागं उभी राहिले, तिच्या ओढणीला न लागता. चाचणी पुरी होऊन पंखा थांबला, फळी स्थिरावली… आणि त्यानंतरही बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.